स्टेजवर वाजवण्यासाठी हॉलोबॉडी गिटार: जुनी घ्यावी की नवी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आजवर तुम्ही सॉलिडबॉडी (भरीव लाकडाची) इलेक्ट्रिक गिटार वाजवत आलात. आता ड्रम, बेस आणि सॅक्सोफोन असलेल्या चौघांच्या संचात तुम्ही जॅझ आणि थोडे जुने रॉक-अँड-रोल वाजवू लागला आहात, आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम होतात आणि त्यासाठी हॉलोबॉडी (पोकळ बॉडीची) गिटार हवी आहे. एका बाजूला १९६४ सालची गिब्सन ईएस-१७५ आहे, जिच्यात तुमची जवळजवळ सगळी शिल्लक जाईल. दुसऱ्या बाजूला त्याच धाटणीची नवी गिटार आहे, जी घेतल्यावर चांगला अ‍ॅम्प आणि शिवाय एक राखीव गिटारही घेता येईल. जुन्या गिटारीचा आवाज नव्या गिटारीला येतच नाही असे तुम्हाला अनेकांनी सांगितले आहे आणि ते कितपत खरे मानावे, असे तुम्ही विचारले आहे.

माझे काम गिटारी दुरुस्त करण्याचे आणि वादकांना सेटअप करून देण्याचे आहे, आणि स्वतःही मी स्टेजवर हॉलोबॉडीच वाजवतो, त्यामुळे या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सतत हाताखालून जात असतात. ड्रमरच्या शेजारी उभे राहून, अ‍ॅम्पचा आवाज त्याच्या बरोबरीला आणल्यावर गिटार तुमच्या ताब्यात राहील का, आणि ऐन वेळी तिच्यात काही बिघडले तर पुढचा कार्यक्रम तुम्ही कशावर वाजवाल, या दोन गोष्टींवर तुमचा निर्णय ठरायला हवा असे मला वाटते. पहिल्या गोष्टीचा संबंध गिटारीच्या वयापेक्षा तिच्या घडणीशी जास्त आहे, तर दुसरीचा तिच्या आजच्या अवस्थेशी आणि तुमच्या खिशाशी. आवाजाचा मुद्दा मला लहान वाटत नाही, पण तो या दोहोंनंतर येतो.

अर्थात काही बाबी परिस्थितीनुसार बदलतात. तुम्ही गायकाबरोबर दोघेच वाजवत असता, बसून आणि शांत श्रोत्यांसमोर, तर माझे उत्तर बरेच वेगळे आले असते. तिथे अ‍ॅम्प हळू असतो, गिटारीचा स्वतःचा घुमारा ऐकू येतो आणि जुन्या वाद्याचे नाजूक गुण वाया जात नाहीत. तुमचा ड्रमर ब्रशने वाजवतो की काठ्यांनी, अ‍ॅम्प तुमच्यापासून किती अंतरावर असतो, कार्यक्रम बंदिस्त जागेत होतात की उघड्यावर, गाडीने जाता की विमानाने, या सगळ्यांचा निर्णयावर परिणाम होतो. पुढचे विवेचन तुम्ही वर्णन केलेल्या चौघांच्या संचाला धरून आहे.

आधी घडणीकडे पाहू, कारण हॉलोबॉडी या एका नावाखाली फार वेगवेगळी वाद्ये विकली जातात. गिब्सनने १९४९ मध्ये ईएस-१७५ आणली तेव्हा तिचा वरचा पत्रा, म्हणजे बॉडीची वरची लाकडी फळी, अखंड लाकडातून कोरलेला नव्हता. मेपलचे पातळ थर चिकटवून, दाबून त्याला कमान दिलेली होती. त्याउलट १९५१ मध्ये आलेल्या एल-५ सीईएसचा वरचा पत्रा अखंड स्प्रूसमधून कोरलेला होता. कोरलेला पत्रा हलका आणि संवेदनशील असतो, तारेच्या लहानशा हालचालीलाही तो प्रतिसाद देतो, आणि म्हणूनच अ‍ॅम्पमधून येणाऱ्या आवाजालाही तितक्याच उत्साहाने प्रतिसाद देतो. थरांचा पत्रा ताठ असतो, त्याचा घुमारा कमी, पण मोठ्या आवाजात तो अधिक काळ शहाण्यासारखा वागतो. पुढे १९५८ मध्ये ईएस-३३५ आली, तिच्या पातळ बॉडीच्या मधोमध मेपलचा सलग ठोकळा होता, आणि १९५९ मध्ये बाहेरून तशीच दिसणारी पण आतून पूर्ण पोकळ असलेली ईएस-३३० आली. ३३५ आणि ३३० शेजारी ठेवल्या तर नवख्याला फरक ओळखू येणार नाही, मात्र मोठ्या आवाजात अ‍ॅम्पसमोर उभे राहिल्यावर काही क्षणांतच तो कळतो.

या इतिहासाचा तुमच्या निवडीशी थेट संबंध आहे. तुमच्यासमोरची १९६४ ची गिटार थरांच्या पत्र्याची, सव्वासोळा इंच रुंद आणि सुमारे साडेआठ सेंटिमीटर खोल आहे. नवी गिटार त्याच मापाची आणि त्याच थरांची असेल तर फीडबॅकच्या (मोठ्या आवाजात आपोआप फुगत जाणाऱ्या स्वराच्या) बाबतीत दोघींत मोठे अंतर असणार नाही. मात्र नवी म्हणून दाखवलेली गिटार कोरलेल्या पत्र्याची असेल, तर ती नवी असूनही स्टेजवर जुनीपेक्षा जास्त त्रास देईल. म्हणून विक्रेत्याला किंवा मालकाला पहिला प्रश्न सालाचा न विचारता पत्र्याचा विचारावा, आणि दुसरा पत्र्याला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांचा आणि ठोकळ्याचा.

फीडबॅकविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण सॉलिडबॉडीवरून येणाऱ्या वादकाला याचा अनुभव नसतो. पोकळ बॉडीतली हवा आणि वरचा पत्रा यांना स्वतःचे काही ठरावीक स्वर असतात, आणि अ‍ॅम्पमधून त्या स्वराच्या जवळपासचे काही आले की पत्रा हलतो, तार हलते, पिकअप (तारेच्या कंपनाचा विजेचा संकेत करणारा भाग) ते पुन्हा अ‍ॅम्पकडे पाठवतो आणि तो एकच स्वर फुगत जातो. खोल बॉडीच्या गिटारीत हा स्वर बहुधा सहाव्या किंवा पाचव्या तारेवर सापडतो. पाचवी तार मोकळी वाजवली तर ११० हर्ट्झचा ए येतो, त्याच्या आसपास शोध घ्यावा. ही बॉडीची गूंज झाली. दुसरा प्रकार अगदी निराळा असतो: पिकअपच्या आतली तारेची गुंडाळी सैल असेल तर ती मायक्रोफोनसारखी वागते आणि वरच्या पट्टीत कर्कश शीळ येते. गिब्सनचे १९५७ पासूनचे सुरुवातीचे हमबकर (दुहेरी गुंडाळीचे पिकअप) गुंडाळी घट्ट बसवण्यासाठी मेणात बुडवलेले नसत, त्यामुळे जुन्या गिटारीत हा दुसरा प्रकारही भेटतो. पिकअपच्या झाकणावर नखाने हलकेच टिचकी मारा; अ‍ॅम्पमधून ती टक्क अशी स्पष्ट ऐकू आली तर मोठ्या आवाजात शीळ येण्याची शक्यता धरून चालावे.

पहिल्या प्रकारावर उपाय बरेच आहेत आणि त्यांतले निम्मे फुकटचे आहेत. अ‍ॅम्प गिटारीच्या थेट पाठीमागे न ठेवता बाजूला ठेवणे, जमिनीवरून उचलून खुर्चीच्या उंचीवर ठेवणे, वाजवत नसताना आवाजाचे बटण खाली आणणे आणि तळहाताने तारा दाबून ठेवणे, एवढ्याने बरेचसे काम होते. त्यानंतर एफ-होलना (वरच्या पत्र्यातल्या एफ आकाराच्या छिद्रांना) आतून किंवा वरून बंद करणे येते. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग एफ-होलमध्ये कापड कोंबत असत, आणि १९८० मध्ये त्यांच्या नावाची ल्युसिल गिटार आली तेव्हा तिला एफ-होल ठेवलेच नाहीत. शेवटी प्रीअ‍ॅम्पमधला नॉच फिल्टर असतो, जो नेमका तो एक स्वर कमी करतो. जुन्या गिटारीवर हे सगळे करता येते, मात्र स्पंज किंवा चिकटपट्टी वापरताना तिच्या नायट्रोसेल्युलोज लॅकरला (जुन्या पद्धतीच्या पातळ वार्निशला) त्या पदार्थाची बाधा होत नाही ना, हे आधी पाहावे लागते. काही स्पंज आणि रबर या लॅकरला चिकटतात आणि कायमचा डाग सोडतात. गिटार स्टँडवर ठेवतानाही हीच काळजी घ्यावी.

नव्या गिटारींचा खरा फायदा इथे सुरू होतो, आणि गंमत म्हणजे त्यातल्या बऱ्याच कल्पना जुन्याच आहेत. आयबानेझने १९७७ मध्ये जॅझ गिटारवादक जॉर्ज बेन्सन यांच्यासाठी जीबी-१० काढली. तिची बॉडी साडेचौदा इंचांचीच ठेवली आणि पिकअप वरच्या पत्र्यात न बसवता तरंगते ठेवले. ग्रेचने १९५८ ते १९६१ च्या सुमारास काही मॉडेलांत वरचा आणि मागचा पत्रा आतल्या लाकडी आधारांनी जोडला होता, त्याला ट्रेसल ब्रेसिंग म्हणतात, आणि तीच पद्धत आजच्या काही ग्रेच गिटारींत परत आली आहे. पीआरएस या कंपनीच्या हॉलोबॉडीत ब्रिजखाली (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीखाली) एक छोटा ठोकळा पुढच्या आणि मागच्या पत्र्याला जोडतो. बॉडी थोडी लहान, थोडी उथळ आणि आतून कुठेतरी आधार दिलेली, असा हा सगळा प्रवास आहे. असा आधार दिला की घुमारा थोडा कमी होतो, स्वर जास्त वेळ टिकतो आणि ड्रमरच्या बरोबरीने वाजवता येते. तुमच्या संचात सॅक्सोफोन आहे हे लक्षात घेता, मी तुमच्या जागी असतो तर हा थोडासा घुमारा देऊन टाकायला तयार झालो असतो.

आता आवाजाकडे येतो. जुन्या चांगल्या गिटारीचा आवाज वेगळा असतो, हे मी मान्य करतो आणि ते निव्वळ कौतुक नाही. लाकूड दशकानुदशके सुकलेले असते, लॅकरचा थर पातळ झालेला असतो, पत्रा आणि पट्ट्या हलक्या असतात आणि त्या काळच्या पिकअपची गुंडाळी आजच्या अनेक पिकअपपेक्षा सौम्य असते, त्यामुळे स्वराची सुरुवात टणक न येता गोल येते आणि मधल्या पट्टीतले कॉर्ड एकमेकांत मिसळूनही सुटे ऐकू येतात. पण यातला किती भाग वयाचा आणि किती भाग सेटअपचा, हे वेगळे करून पाहणे आवश्यक आहे. जुन्या ईएस-१७५ वर बहुधा बारा नंबरच्या चपट्या गुंडाळीच्या तारा, गुंडाळलेली तिसरी तार आणि रोझवूडचा तरंगता ब्रिज असतो. नवी गिटार दुकानातून दहा नंबरच्या गोल गुंडाळीच्या तारा आणि धातूच्या ब्रिजसह येते. या दोन अवस्थांत दोघींची तुलना केली तर जुनी जिंकणारच. नव्या गिटारीवर त्याच तारा चढवा, ब्रिजवर लाकडी सॅडल (तारा टेकण्याचा भाग) बसवा, पिकअप तारांपासून थोडे खाली उतरवा, आणि मग ऐका. फरक उरतो, पण वादात सांगतात तेवढा उरत नाही.

आणखी एक बाब स्पष्ट लिहितो. तो उरलेला फरक श्रोत्यांपेक्षा वादकाला जास्त कळतो. अ‍ॅम्प, त्यासमोरचा मायक्रोफोन, सभागृहाची यंत्रणा आणि ड्रमच्या झांजा यांतून गेल्यावर श्रोत्यांपर्यंत जे पोहोचते त्यात १९६४ आणि आजची गिटार वेगळी ओळखणारे कान फार थोडे असतात. तरीही वादकाला कळतो तो फरक क्षुल्लक मानू नये, कारण हातातली गिटार आवडली की आपण वेगळे वाजवतो, थांबायला धजावतो, एक स्वर कमी घेतो. जुनी गिटार घेण्याचे माझ्या मते हेच सर्वांत प्रामाणिक कारण आहे. ‘लोकांना फरक कळेल’ हे कारण मात्र मनातून काढून टाकावे.

आता १९६४ च्या त्या गिटारीची तपासणी. ती पाहायला जाताना दंतवैद्य वापरतात तसला लहान आरसा, छोटा दिवा आणि कागद-पेन्सिल घेऊन जा. आधी नेक (गिटारीची मान) पाहा: पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर) सहावी तार दाबून मधल्या फ्रेटपाशी किती फट राहते ते बघा आणि मग ट्रस रॉडची (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळईची) नट अजून फिरायला वाव आहे का ते मालकाच्या परवानगीने तपासा. नट शेवटपर्यंत आवळलेली असेल आणि नेक तरीही वाकलेली असेल तर हे काम मोठे आहे. त्यानंतर नेक जिथे बॉडीला मिळते तिथला सांधा पाहा. ब्रिज अगदी तळापर्यंत उतरवूनही तारा उंच राहत असतील तर नेकचा कोन बिघडला आहे, आणि ती सोडवून पुन्हा बसवण्याचे काम कुशल कारागिराचे आणि खर्चाचे असते. हेडस्टॉकच्या (खुंट्या बसवलेल्या टोकाच्या) मागे, तारांच्या खाचा असलेल्या नटच्या खाली, लॅकरमध्ये एखादी बारीक आडवी रेघ दिसते का ते तिरप्या उजेडात पाहा. गिब्सनच्या हेडस्टॉकचा कोन मोठा असल्याने पडलेली गिटार तिथेच तुटते आणि चांगली जोडलेली मोड पहिल्या नजरेत दिसत नाही. लॅकरला पडलेल्या जाळीदार रेषांची मात्र काळजी करू नका. त्या थंडी-उष्णतेच्या फरकाने येतात आणि लाकडापर्यंत जात नाहीत.

मग दिवा एफ-होलमधून आत सोडा. पट्ट्या पत्र्यापासून सुटल्या असतील तर आरशात काळी फट दिसते, आणि बोटाच्या पेराने वरून टकटक केल्यावर त्या जागी भरीव आवाज न येता फाटका, खुळखुळा आवाज येतो. एखादाच स्वर कुठेतरी झणझणत असेल तर बहुधा दोष इथेच असतो. त्याच आरशाने पोटेन्शिओमीटरच्या (आवाज आणि टोनच्या बटणांखालच्या भागांच्या) पाठीवरचे आकडे वाचायचा प्रयत्न करा. सुरुवातीचे १३४ म्हणजे सेंट्रालॅब आणि १३७ म्हणजे सीटीएस हे उत्पादक, आणि साठच्या दशकातल्या सात आकडी क्रमांकात पुढचे दोन आकडे साल आणि शेवटचे दोन आठवडा दाखवतात. म्हणजे १३४६४२३ हा सेंट्रालॅबचा १९६४ च्या तेविसाव्या आठवड्यातला भाग झाला. गिटार त्या भागांपेक्षा जुनी निघाली तर भाग बदललेले आहेत. हे तपासणे यासाठी गरजेचे की १९६१ ते १९६९ या काळात गिब्सनने तेच अनुक्रमांक पुन्हा पुन्हा वापरले, त्यामुळे एकट्या अनुक्रमांकावरून साल ठरवता येत नाही. हेडस्टॉकपाशी तारा ज्यावरून जातात त्या नटची रुंदीही मोजा. १९६५ च्या सुमारास गिब्सनने ती सुमारे ४३ मिलिमीटरवरून सुमारे ४० मिलिमीटरवर आणली. १९६४ म्हणून विकल्या जाणाऱ्या गिटारीची नेक अरुंद असेल तर साल पुन्हा तपासावे, आणि साल खरे असो वा नसो, तीन मिलिमीटरचा हा फरक तुमच्या डाव्या हाताला दर कार्यक्रमात जाणवणार आहे.

ट्यूनिंगच्या खुंट्यांची प्लास्टिकची टोके आक्रसून भुसभुशीत होतात, ती बोटाने फिरवून पाहा. जुन्या किनारपट्टीतले आणि पिकगार्डमधले सेल्युलॉइड काही वाद्यांत कुजू लागते, विशेषतः पन्नास-साठच्या दशकांतल्या ग्रेच गिटारींत हा दोष ठाऊक असलेला आहे. ते तपकिरी होऊन तडकते आणि त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारचे फ्रेट आणि धातूचे भाग हिरवट गंजतात. पिकगार्डच्या खालचा स्क्रू आणि शेवटच्या फ्रेटची टोके हिरवी दिसली तर किनारीला काय झाले आहे ते कारागिराला दाखवल्याशिवाय व्यवहार करू नये.

ही सगळी तपासणी समाधानकारक निघाली तरी रोजच्या वापराचा प्रश्न उरतोच. तरंगता ब्रिज केवळ तारांच्या दाबाने जागेवर असतो. गर्दीच्या स्टेजवर कोणाचा कोपर लागला, की तो दोन मिलिमीटर सरकतो आणि बाराव्या फ्रेटवरचे सूर बिघडतात. त्याला खाली बारीक पिनेने अडकवता येते, पण मूळ अवस्थेतल्या जुन्या गिटारीच्या पत्र्याला भोक पाडायला कोणाचाही हात धजावत नाही. जुन्या फ्रेटचेही तसेच. मूळ फ्रेट इतके झिजलेले असतात की तार वर ओढली की घसटते. नवे फ्रेट बसवले की गिटार वाजवायला उत्तम होते आणि संग्राहकाच्या दृष्टीने तिची किंमत घटते. आठवड्याला दोन-तीन कार्यक्रम करणाऱ्या वादकाचे फ्रेट झिजणारच, म्हणजे हा निर्णय तुम्हाला आज नाही तर काही वर्षांनी घ्यावाच लागेल. गिटार कामासाठी विकत घेतली असताना तिच्यावर काम करायला भीती वाटणे, ही अवस्था मी वादकांत वारंवार पाहतो आणि मला ती वाईट वाटते, कारण अशी गिटार हळूहळू घरीच राहू लागते.

प्रवासाविषयी थोडक्यात. देशाबाहेर कार्यक्रम होण्याची शक्यता असेल तर फ्रेटबोर्डचे लाकूड कोणते हे जाणून घ्या. त्या काळच्या गिब्सनच्या गिटारींत ब्राझिली रोझवूड सर्रास असे, आणि ते १९९२ पासून साइटीस या दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस जी सवलत मिळाली ती ब्राझिली जातीला लागू नाही. म्हणजे सीमा ओलांडताना कागदपत्रे लागतात. विमा उतरवताना ठरवून लिहिलेल्या किमतीचा घ्यावा. बंदिस्त गाडीच्या उष्णतेत कोणतीच गिटार ठेवू नये, पण जुन्या सरसाच्या सांध्यांना त्याचा धोका अधिक असतो.

नव्या गिटारींचेही दोष सांगायला हवेत. स्वस्त नव्या हॉलोबॉडीवर पॉलियुरेथेनचा जाड थर असतो, पत्रा आणि पट्ट्या गरजेपेक्षा जड असतात आणि पिकअप इतके जोरकस असतात की अ‍ॅम्पचा पुढचा भाग लगेच दबतो. तारांच्या खाचांची नट बहुधा नीट कापलेली नसते, त्यामुळे तिसरी तार अडकते आणि सूर उतरतो. हे एक काम करून घेतले तरी अर्ध्या तक्रारी मिटतात. पिकअप आणि पोटेन्शिओमीटर बदलणे शक्य आहे, पण मागे झाकण नसल्याने सगळे सामान एफ-होलमधून बाहेर काढावे लागते. प्रत्येक पोटेन्शिओमीटरच्या दांड्याला प्लास्टिकची लवचीक नळी अडकवायची, बाहेरची धातूची नट सोडवायची, भाग आत ढकलून एफ-होलमधून बाहेर घ्यायचा आणि नव्या भागाला तीच नळी लावून तो मूळ भोकापर्यंत ओढून आणायचा, असे हे काम चालते. ते संयमाचे आहे, अवघड नाही, परंतु कारागिराचा वेळ जातो आणि त्याचा खर्च तुमच्या हिशेबात धरायला हवा. मधल्या किमतीच्या गिटारींत, विशेषतः जपानमध्ये बनणाऱ्या चांगल्या मॉडेलांत, हे दोष बरेच कमी आढळतात.

या दोन टोकांमध्ये तिसरा पर्याय आहे आणि तुमच्या प्रश्नात तो आला नाही, म्हणून मुद्दाम मांडतो. कोणीतरी आधीच फ्रेट बदललेली, खुंट्या नव्या बसवलेली, कदाचित रंग दुसऱ्यांदा केलेली किंवा हेडस्टॉक नीट जोडलेली जुनी गिटार संग्राहकांना नको असते, त्यामुळे ती मूळ अवस्थेतल्या गिटारीपेक्षा बऱ्याच कमी किमतीत मिळते. तिचे लाकूड, पत्रा आणि पिकअप तेच असतात. स्टेजवरच्या वादकासाठी ती मूळ गिटारीपेक्षा अधिक उपयोगाची असते, कारण महत्त्वाची कामे झालेली असतात आणि पुढची करायला मन कचरत नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांतल्या हॉलोबॉडीही याच दृष्टीने पाहाव्यात; त्यांना पन्नास-साठच्या दशकांचा मान नाही, पण त्यांतल्या काही उत्तम आहेत. इथे गिटारीगणिक फरक पडतो, सालावरून काहीच गृहीत धरू नये.

निवड करण्यापूर्वी दोन्ही गिटारी तुमच्या तालमीत आणता येतात का ते पाहा. जुनीच्या मालकाला अनामत देऊन एका संध्याकाळपुरती मागावी. खरा विक्रेता शक्यतो नाही म्हणत नाही. दोघींवर एकाच नंबरच्या आणि एकाच प्रकारच्या तारा असाव्यात. तुमचा स्वतःचा अ‍ॅम्प घ्या, ड्रमरला नेहमीच्याच जोराने वाजवायला सांगा आणि अ‍ॅम्पपासून नेहमीच्या अंतरावर उभे राहा. सहाव्या तारेवर पहिल्या फ्रेटपासून एकेक फ्रेट वर जात प्रत्येक स्वर दोन-तीन सेकंद धरून ठेवा, मग पाचव्या तारेवर तेच करा, आणि कुठला स्वर फुगतो ते कागदावर लिहा. आवाजाचे बटण किती वर नेल्यावर तो फुगू लागला तेही लिहा. त्यानंतर श्रोत्यांच्या जागेवर फोन ठेवून तीच तीन गाणी दोन्ही गिटारींवर ध्वनिमुद्रित करा आणि दुसऱ्या दिवशी, कोणती कुठली हे न कळता, संचातल्या इतरांना ऐकवा. शेवटी दोन तास सलग वाजवा आणि दर गाण्यानंतर ट्यूनर पाहा. वीज आणि दिव्यांची घरघरही याच तालमीत ऐकून घ्या; पी-९० सारखे एकेरी गुंडाळीचे पिकअप असतील तर ती हमखास येते, हमबकर असतील तर येऊ नये, आणि आली तर वायरिंगमध्ये जमिनीची जोडणी तपासावी.

आता माझे मत. हीच तुमची एकमेव गिटार असणार असेल आणि जुनीत सगळी शिल्लक जाणार असेल, तर नवी घ्या: थरांच्या पत्र्याची, आतून आधार दिलेली, बॉडी थोडी उथळ असलेली, आणि उरलेल्या पैशांतून नट, तारा, गरज पडल्यास पिकअप, चांगला अ‍ॅम्प आणि राखीव गिटार यांची तरतूद करा. राखीव गिटारीला मी इतके महत्त्व देतो त्याचे कारण असे की ट्रॅपीझ टेलपीसवर (तारांची खालची टोके अडकवणाऱ्या, बॉडीच्या कडेला बसवलेल्या धातूच्या चौकटीवर) तुटलेली तार बदलायला सॉलिडबॉडीपेक्षा जास्त वेळ लागतो, ब्रिज हलू नये म्हणून ती सांभाळून बदलावी लागते, आणि गाणे सुरू असताना तो वेळ तुमच्याकडे नसतो. जुनी घेण्याचा सल्ला मी तीन अटींवर देईन: ती घेतल्यावरही दुसरी वाजवण्याजोगी गिटार तुमच्याकडे राहिली पाहिजे, नेक आणि पट्ट्यांची तपासणी तुमच्या बाजूच्या कारागिराने केलेली असली पाहिजे, आणि तालमीत ती ड्रमच्या बरोबरीने टिकली पाहिजे. यातली एकही अट कमी पडत असेल तर काम केलेल्या जुन्या गिटारीचा तिसरा पर्याय शोधायला लागा.

आणि तालमीनंतर १९६४ चीच निवड झाली, तर पहिल्या कार्यक्रमाआधी फ्रेटचे काम करून घ्या, पिकअप शीळ घालत असतील तर ते मेणात बुडवण्याऐवजी आधी झाकणाखाली काही सैल आहे का ते कारागिराला पाहू द्या, खुंट्या बदलायच्या असतील तर जुन्याच भोकांत बसणाऱ्या घ्या, आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी स्क्रूसुद्धा, पाकिटात घालून वर तारीख लिहून केसमध्ये नव्हे तर घरी कोरड्या जागी ठेवून द्या.